आपल्याहून सरस वादकांसोबत वाजवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रिदम गिटार वाजवते, म्हणजे सोलो न घेता गाण्याला कॉर्ड आणि ठेक्याची साथ देते. गेल्या सोळा वर्षांत ज्यांच्यासोबत वाजवलं ते जवळजवळ सगळे माझ्याहून सरस होते. हा योगायोग नाही, मी तशीच माणसं शोधत आले. नव्याने वाजवायला लागलेली मंडळी मला तेच ते प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. क्रमाला काही अर्थ नाही, हवं तिथून वाचा.

गटात मीच सगळ्यांत कच्चा आहे. जावं की अजून वर्षभर घरी रियाज करावा?

जा. हात कच्चा असलेल्या माणसाला चांगले वादक सांभाळून घेतात. जो ऐकतच नाही त्याला मात्र कुणी सांभाळत नाही, आणि ऐकायची सवय घरी एकट्याने बसून लागत नाही.

माझी पहिली तालीम सांगते. गाणं घरी इतकं घोटलं होतं की झोपेत वाजवलं असतं. तिथे गेले आणि सहाच्या सहा तारा, प्रत्येक मात्रेवर, जीव खाऊन वाजवल्या. आपला आवाज कमी पडायला नको ना! दुसरं कडवं संपल्यावर बेस वाजवणारा दादा थांबला. रागावला वगैरे नाही. जवळ आला, माझ्या गिटारच्या दोन जाड तारांवर दोन बोटं ठेवली आणि म्हणाला, "ह्या माझ्या. बाकीच्या तुझ्या."

पुन्हा पहिल्यापासून घेतलं. मी चारच तारा वाजवत होते आणि अचानक मला ड्रमरची हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) ऐकू यायला लागली. ती आधीही वाजतच होती. घरी आणखी वर्षभर बसले असते तरी हे कळलं नसतं, कारण घरी त्या दोन तारा मागणारं कुणी नव्हतं.

पण कॉर्ड (एकदम वाजणारा स्वरांचा गट) पूर्ण वाजवली तर बिघडतं काय? पुस्तकात तर सहा तारांचीच आकृती असते.

पुस्तकातली आकृती एकट्या गिटारसाठी असते. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये गिटारची सगळ्यात जाड तार साधारण 82 हर्ट्‌झवर वाजते. बेस गिटारच्या चार तारा 41, 55, 73 आणि 98 हर्ट्‌झच्या आसपास. म्हणजे तुमच्या जाड तारा थेट बेसच्या अंगणात जाऊन उभ्या राहतात. त्यात कीबोर्डवाल्याचा डावा हातही तिथेच असला, तर तिघांचा मिळून नुसता गाळ होतो. प्रेक्षकांना नेमकं काय बिघडलंय ते सांगता येत नाही, पण गायकाचे शब्द कळत नाहीत एवढं त्यांना जाणवतं.

कॉर्डचा मूळ स्वर बेस देतोच. तुम्ही मधल्या आणि बारीक तारांवरचे तीन स्वर द्या, पुष्कळ झाले. त्यात कॉर्ड मेजर की मायनर हे ठरवणारा तिसरा स्वर हवा, आणि सातव्या स्वराची कॉर्ड असेल तर तो सातवा. पाचवा सोडला तरी सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. कीबोर्डवाला वरच्या पट्टीत खेळत असेल तर तुम्ही मध्ये या, तो मध्ये आला तर तुम्ही वर सरका. हे बोलून ठरवायचं असतं, पण दोन-तीन तालमींनंतर न बोलताही जमू लागतं.

आयुष्यभर रिदमच वाजवायचं म्हणजे दुय्यम काम नाही का?

हा प्रश्न आला की मी फ्रेडी ग्रीनचं नाव घेते. 1937 मध्ये तो काउंट बेसीच्या जॅझ ऑर्केस्ट्रात आला आणि 1987 मध्ये वारला तोपर्यंत तिथेच वाजवत राहिला. जवळजवळ पन्नास वर्षं, आणि त्यात सोलो शोधायला गेलात तर हाती फारसं काही लागणार नाही. ॲम्प (आवाज वाढवणारं यंत्र) नाही, तारा फ्रेटबोर्डपासून, म्हणजे बोटं दाबायच्या पट्टीपासून, चांगल्या उंच ठेवलेल्या, आणि प्रत्येक मात्रेला एक ठोका : एक-दोन-तीन-चार. समोर पितळी वाद्यांची फौज. रेकॉर्डवर तो पटकन सापडत नाही. पण कान देऊन एकदा सापडला की मग बाकीचा ऑर्केस्ट्रा त्याच्यावर उभा आहे हे ऐकू येतं. बहुतेक वेळा तो पूर्ण कॉर्डही वाजवत नसे, आतल्या तारांवरचे एक-दोन स्वरच खरे बोलायचे, बाकीच्या तारा नुसत्या बोटाखाली दाबून मुक्या ठेवलेल्या.

रॉकमध्ये तेच काम एसी/डीसी ह्या बँडच्या माल्कम यंगने केलं. धाकटा भाऊ अँगस शाळेच्या गणवेशात मंचभर उड्या मारायचा आणि थोरला मागे ॲम्पपाशी उभा राहून गाडी चालवायचा. पोस्टरवर धाकटा असतो. मला आवडतो थोरला.

पहिल्या तालमीला जाण्याआधी काय तयारी करावी?

गाण्याची पट्टी, लय आणि रचना (कडवी किती, मधलं संगीत किती मात्रांचं, शेवट कसा) एका कागदावर. नव्या तारा आदल्या दिवशी बसवा, त्याच दिवशी बसवलेल्या तारा सूर सोडत राहतात. जास्तीचे पिक, ट्यूनर, कॅपो (तारा एकदम दाबून पट्टी चढवणारा चिमटा), केबल.

आणि एक गोष्ट सहसा कुणी करत नाही ती करा : मूळ रेकॉर्डिंग एकदा फक्त बेस ऐकण्यासाठी ऐका, एकदा फक्त ड्रम्ससाठी. स्वतःचं गिटार शेवटी.

जगातला एक नंबरचा गिटारवादक कोण?

ह्या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. ज्या तालमीत हा वाद सुरू होतो त्या दिवशी वाजवणं होत नाही, हे मी अनेकदा पाहिलंय.

बरं, मग तुम्हाला कोण आवडतं ते तरी सांगा.

हे चालेल. ब्लूजवाला बी. बी. किंग, कारण तो एका स्वरावर थांबायला घाबरत नसे. कॉर्ड वाजवण्यात आपण कच्चे आहोत हे तो स्वतःच सांगायचा, आणि गाताना त्याचं गिटार बहुधा गप्प असे. गाण्याची ओळ संपली की गिटार उत्तर द्यायचं. त्याचा व्हायब्रेटो (स्वराचं कंपन) मनगटातून यायचा, पहिलं बोट तारेवर टेकलेलं आणि बाकीचा पंजा फुलपाखरासारखा फडफडणारा. तार ओढून दोन फ्रेट (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) वरचा स्वर गाठायचा म्हणजे कंपनसंख्या सुमारे बारा टक्क्यांनी वाढवायची. हे काम बोटाच्या पेराने, न बघता, दरवेळी नेमकं करायचं. करून बघा. माझा स्वर अजूनही केसभर खाली राहतो.

सिस्टर रोझेटा थार्प, कारण रॉक अँड रोल हा शब्द घरोघरी पोचण्याआधीपासून ती इलेक्ट्रिक गिटार घेऊन भक्तिगीतं गात होती. 1964 मध्ये मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनावर तिचा कार्यक्रम चित्रित झाला. प्रेक्षक एका फलाटावर, वादक समोरच्या. पाऊस आला, तर तिने सुरुवातीला पावसाचंच गाणं घेतलं. कोट घालून, अंगाखांद्यावर पांढरं गिटार मिरवत ती जो सोलो घेते, तो बघताना माझी मान आपोआप हलते.

आणि जेफ बेक. ऐंशीच्या दशकात त्याने पिक बाजूला ठेवलं आणि नुसत्या बोटांनी वाजवायला लागला. अंगठा तारेवर, करंगळी आवाजाच्या बटणावर, तळहात व्हॅमी बारवर, म्हणजे सगळ्या तारा एकदम ताणणाऱ्या-सैल करणाऱ्या दांडीवर. आपल्याकडच्या कानाला त्यात मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं) ऐकू येते, आणि फ्रेट असलेल्या वाद्यातून ती कशी काढली हे चित्रफीत हळू करून पाहिली तरी पुरतं उलगडत नाही.

वेगाने वाजवणाऱ्यांचं एवढं कौतुक कशाला?

कौतुक करावं, का करू नये? 5 डिसेंबर 1980 ला सॅन फ्रान्सिस्कोत पाको दे लुसिया, अल डि मेओला आणि जॉन मॅक्लॉफ्लिन ह्या तिघांनी तीन अकूस्टिक गिटारं घेऊन जे वाजवलं, त्याचं ध्वनिमुद्रण ऐकताना लोक अधूनमधून ओरडतात ते वेगालाच. मीही ओरडले असते.

फक्त पुढच्या वेळी त्यात दुसरं काही ऐका. एक जण सुटलेला असताना दुसरा काय करतोय? तो कॉर्ड तोडून तोडून देतोय, मध्येच गिटारच्या अंगावर थाप मारतोय, आणि पहिल्याचं वाक्य संपत आलं की ते तोंडातून काढून घेतोय. चेष्टासुद्धा चालते, तीही सुरात. वेग कित्येकांकडे असतो. ही देवाणघेवाण नसती तर तासाभरात कंटाळा आला असता.

मोठ्या वादकांना ऐकायचं म्हणजे नेमकं काय करायचं? मी तर रोज ऐकतो.

रोज ऐकता ते बहुधा दुसरं काम करता करता. मी काय करते ते सांगते, तुम्हाला जमलं तर बघा.

एक सोलो घेते, त्यातली तीसेक सेकंदं. गिटार पेटीत बंद. आधी तो तुकडा गुणगुणते. सूर थोडा इकडेतिकडे झाला तरी चालेल, पण श्वास कुठे घ्यावा लागतो हे कळायला हवं. वादकही बहुतेक तिथेच थांबलेला असतो. मग हाताने ठेका धरून पुन्हा ऐकते : वाक्य समेवर सुरू होतं, की आधी, की जरा उशिराने? नवशिक्यांचं जवळजवळ प्रत्येक वाक्य समेवर सुरू होतं. मोठ्यांचं क्वचित. हे सगळं झाल्यावर मग गिटार.

आपल्याकडे गाण्यातल्या सुंदर वळणाला 'जागा' म्हणतात. गायकाने काय जागा घेतली, म्हणतो आपण. मला हा शब्द फार आवडतो, कारण ती घ्यायला आधी कुणीतरी मोकळी ठेवावी लागते, आणि ते काम साथीदाराचं. जॅझमधल्या ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने 1969 च्या 'इन अ सायलेंट वे'च्या रेकॉर्डिंगला तरुण मॅक्लॉफ्लिनला सांगितलं होतं म्हणे की गिटार येतच नाही असं समजून वाजव. त्या रेकॉर्डवरचं गिटार ऐका. स्वर मोजके, भोवती केवढं तरी आकाश.

सोलोची बांधणी ऐकायची असेल तर जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरी घ्या. बऱ्याचदा तो आधी एकेरी स्वरांत बोलतो, मग तीच गोष्ट ऑक्टेव्हमध्ये, म्हणजे एकच स्वर दोन सप्तकांत एकदम, आणि शेवटी अख्ख्या कॉर्ड्समध्ये. जिना चढावा तसं. आणि हे सगळं पिक न घेता, अंगठ्याने.

नक्कल करून शिकलं तर स्वतःची शैली हरवते का?

हाच वेस माँटगोमेरी विशीत आधीच्या जॅझ गिटारवादक चार्ली ख्रिश्चनचे सोलो रेकॉर्डवरून कानाने उतरवून पाठ करायचा. पहिलं काम मिळालं तेही तेवढ्याचंच : मंचावर यायचं, ते सोलो जसेच्या तसे वाजवायचे आणि खाली उतरायचं. शैली कुठे हरवली?

ह्यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट जॅझ गिटारवादक पॅट मार्टिनोची. 1980 मध्ये त्याच्या मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि स्मृती गेली, गिटारही त्यात गेलं. मग तो स्वतःच्याच जुन्या रेकॉर्ड्स ऐकून पुन्हा शिकला. पुढे कित्येक वर्षं त्याने वाजवलं, रेकॉर्ड्स काढल्या. 2021 मध्ये तो वारला. स्वतःची नक्कल करावी लागलेला माणूस! माझी स्मृती शाबूत असून मी मागच्या आठवड्याचं विसरते.

एक सावधगिरी मात्र. चार जणांकडून उचला. एकाच्याच मागे लागलात तर त्याच्या सवयी येतात, कारणं येत नाहीत. हेंड्रिक्स अंगठा मानेवरून आणून जाड तार दाबायचा, त्याचा पंजा मोठा होता. माझा नाही. मी सहा महिने मनगट दुखवून घेतलं.

माझी बोटं आखूड आहेत / एक बोट नीट वळत नाही / वय झालंय.

जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टच्या डाव्या हाताची दोन बोटं 1928 च्या आगीत निकामी झाली. पुढचे सोलो त्याने बहुतेक उरलेल्या दोन बोटांवर घेतले, आणि ते आज दहा बोटं धड असलेल्यांना जमत नाहीत. ब्लॅक सॅबथ बँडच्या टोनी आयोमीच्या दोन बोटांची टोकं कारखान्यात गेली तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, नंतर ट्यूनिंगही खाली आणलं. हेवी मेटलचा तो जडशीळ आवाज थोडा ह्या अडचणीतूनच आलेला आहे. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल नव्वदीतही दर आठवड्याला वाजवत होता.

ह्या गोष्टी ऐकून लाज वाटून घ्यायची नाही. दुखत असेल तर थांबायचं, डॉक्टरांना दाखवायचं. पण "बोटं आखूड आहेत" हे कारण मी ऐकून घेत नाही, माझी मोजून बघा.

नोटेशन वाचता येत नाही. चालेल?

बँडमध्ये चालेल. कॉर्डचा तक्ता वाचता आला आणि मात्रा मोजता आल्या तर निभावतं. ग्लेन कॅम्पबेल नोटेशन न वाचता अमेरिकेतल्या सर्वांत कामसू स्टुडिओ वादकांत गणला जायचा. अर्थात त्याला एकदा ऐकून वाजवता यायचं. ते जमत नसेल तर वाचायला शिकणं सोपं.

वाजवताना चूक झाली तर?

थांबू नका, तोंड वाकडं करू नका, पुढच्या समेला हजर व्हा.

एका कार्यक्रमात सुरुवातीचे आठ बार (मात्रांचे ठरावीक गट) माझ्या एकटीचे होते. कॅपो तिसऱ्या फ्रेटवर हवा होता, मी लावला दुसऱ्यावर. अख्खं गाणं अर्ध्या सुराने खाली सुरू झालं, आणि मला पत्ताच नाही. पाचव्या बारला कीबोर्डवाल्याचं बोट ट्रान्सपोजच्या (पट्टी बदलायच्या) बटणावर गेलेलं दिसलं तेव्हा पोटात गोळा आला. बेसवाला दादा हात एक फ्रेट मागे सरकवून वाट बघत उभा. गायिकेने माझ्या सुरातच उचललं. माझ्याकडे एकानेही वळून पाहिलं नाही. नंतर आवराआवर करताना दादा एवढंच म्हणाला, "आज जरा खालून घेतलंस. बरं झालं, तिचा घसा बसलाच होता."

असे लोक सोबत असणं म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या चुकीवर तिघांनी मिळून आधीच छप्पर घातलेलं होतं.

एक जण अफाट वाजवतो, पण वागायला त्रासदायक आहे. काय करावं?

आमच्याकडे होता असा एक लीड वाजवणारा. दर तालमीला चाळीस-पन्नास मिनिटं उशीर. आला की पहिल्या सोलोत सगळ्यांचा राग पुसून टाकायचा, त्यामुळे आम्ही दोन वर्षं काही बोललो नाही. शेवटी गेला कोण? ड्रमर. वेळेवर येऊन चाळीस मिनिटं झांजा पुसत बसणारा. लीड वाजवणारे नंतर तीन मिळाले, तसा ड्रमर अजून मिळालेला नाही.

तेव्हा माझं मत पक्कं आहे : वेळ आणि पैसे ह्या दोन बाबतींत प्रतिभेला सवलत नाही. मानधनाची वाटणी कार्यक्रमाआधी सगळ्यांसमोर ठरवा. बाकी चक्रमपणा चालतो, तो आम्हा सगळ्यांतच असतो.

तबला, बासरी किंवा दुसऱ्याच परंपरेतल्या वादकांसोबत गिटार कसं बसवायचं?

आधी गप्प बसून त्यांची मोजणी समजून घ्या. आपण चार-चार मोजत असताना समोरचा सोळा मात्रांचं आवर्तन धरून बसलेला असतो, आणि नवव्या मात्रेवर आपण उगाच मोठा ठोका देतो. दुसरं, कॉर्ड बदलायचा मोह आवरा. रागाला एक षड्ज पुरतो.

चांगले नमुने ऐका. 1967 च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त ब्रिजभूषण काब्रा मांडीवर गिटार आडवं ठेवून सळईने वाजवतात, शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी सोबत, तबल्यावर माणिकराव पोपटकर. 'शक्ती' ह्या भारतीय वादकांसोबतच्या बँडसाठी मॅक्लॉफ्लिनने खास गिटार करवून घेतलं होतं : तरफेच्या (न छेडता आपोआप झंकारणाऱ्या) जादा तारा, आणि फ्रेटच्या मधलं लाकूड खोलगट कोरलेलं, म्हणजे तार खाली दाबून स्वर ओढता येतो. विश्वमोहन भट आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर तर 'अ मीटिंग बाय द रिव्हर'च्या रेकॉर्डिंगच्या थोडा वेळ आधी पहिल्यांदा भेटले आणि वाजवायला बसले. त्या रेकॉर्डला 1994 मध्ये ग्रॅमी मिळालं. एकमेकांच्या वाक्याला दोघे किती वेळ देतात ते ऐका.

त्यांच्यासारखं गिटार आणि पेडल घेतलं तर तसा आवाज येईल?

नाही. क्वीन बँडच्या ब्रायन मेने वडिलांसोबत घरीच गिटार बनवलं, मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची, आणि पिकऐवजी तो नाणं वापरतो. तुम्ही नाणं घेऊन बघा, तारेचा खरखराट तेवढा येईल.

आवडत्या वादकाला भेटायची संधी मिळाली तर काय बोलावं?

"तुम्ही ग्रेट आहात" हे त्यांनी ऐकलेलं असतं, आणि त्यावर त्यांना पुढे काही बोलता येत नाही. एखादी नेमकी जागा विचारा.

मला एकदा एक जुने स्टुडिओ वादक भेटले. त्यांच्या एका गाण्यात दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी कॉर्ड अशी काही तुटते की जणू कुणी दार लावलं. मी तेवढंच विचारलं. ते आधी हसले, "ते ऐकलंस तू?" म्हणाले, आणि कोपऱ्यातलं गिटार ओढलं. ॲम्प नाही काही नाही. उजवा हात झुलतच राहिला. डाव्या हाताची बोटं तारांवरून हललीसुद्धा नाहीत, फक्त त्यांच्यातला जोर गेला आणि आवाज जागच्या जागी मिटला. मग गिटार माझ्याकडे दिलं.

मी बोटं उचलत होते. "उचलू नकोस गं, नुसतं सैल सोड." पुन्हा चुकले. पुन्हा. चौथ्यांदा जमलं तेव्हा वर पाहिलं, तर ते डोळे मिटून टेबलावर बोटांनी ठेका धरून बसले होते, आणि मग मला थांबायची चोरी झाली.